मदत हवी आहे: जुन्या अ‍ॅनिमेच्या डीव्हीडी आणि त्यांतल्या जादा चित्रफिती

चित्रवेडी
'गनबस्टर' (१९८८-८९), 'निऑन जेनेसिस इव्हँगेलियन' (१९९५-९६) आणि 'घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' (२००२-०३) या अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) मालिका पुन्हा बघायला घेतल्या आहेत. डीव्हीडी अमेरिकेतल्या, रीजन १ (डिस्क जगाच्या कोणत्या भागात चालावी त्याचा क्रमांक). लॅपटॉपला बाहेरून जोडायचा ड्राइव्ह, व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर आणि एचडीएमआय केबलने टीव्ही अशी जोडणी आहे. पात्रं हलली की कडांवर आडव्या रेघा उमटतात. 'प्ले ऑल' केलं की जादा चित्रफिती येतच नाहीत. आणि त्या कोणत्या क्रमाने बघाव्यात? भागांसोबत की सगळं संपल्यावर?

रीळघर
आधी रीजनचं बघा. भारताची डीव्हीडी रीजन ५ आहे, अमेरिकेची १, जपानची २. संगणकाच्या ड्राइव्हचा रीजन फक्त ५ वेळा बदलता येतो, मग शेवटचा रीजन कायमचा बसतो. तेव्हा तो ड्राइव्ह १ वर ठेवून फक्त याच डिस्कसाठी वापरा. पुढे ब्लू-रे घेणार असाल तर तिथे भारत 'सी' मध्ये येतो, अमेरिका आणि जपान दोन्ही 'ए' मध्ये.

आता रेघा. डिस्क बिघडलेली नाही. अ‍ॅनिमे सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतं, एनटीएससी (अमेरिका-जपानची व्हिडिओ पद्धत) डीव्हीडी जवळपास ३० ने चालते. ती भर घालायला फ्रेम अर्ध्या-अर्ध्या करून पुन्हा जोडतात; दर ५ फ्रेमपैकी ३ स्वच्छ राहतात आणि २ मध्ये दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणली जातात. त्याच तुम्हाला दिसताहेत. व्हीएलसीत व्हिडिओ मेनूमधून डीइंटरलेस चालू करा आणि डीइंटरलेस मोडमध्ये 'फिल्म एनटीएससी' निवडा. हा मोड विणलेल्या फ्रेम सोडवून मूळच्या २४ परत जुळवतो. फरक पडला नाही तर प्रेफरन्सेसमध्ये इनपुट/कोडेक्सखाली हार्डवेअर डीकोडिंग बंद करा आणि फाइल पुन्हा उघडा. शेवटची सरकती नामावली बहुतेकदा वेगळ्या गतीने वरून चढवलेली असते, तिथे अक्षरं थरथरली तर तेवढ्यापुरतं त्याच यादीतला 'याडिफ' मोड लावा.

टीव्हीचा आकारही तपासा. 'गनबस्टर' आणि 'इव्हँगेलियन' ४:३ (रुंदी:उंची) आहेत. १०८० ओळींच्या पडद्यावर चित्र १४४० पिक्सेल रुंद दिसायला हवं, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचा काळा पट्टा. पट्टे नसतील आणि सगळे चेहरे फुगलेले असतील, तर टीव्ही चित्र ताणतोय. 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स' मुळातच १६:९ आहे, त्याला पट्टे येणार नाहीत.

तिसरी_खिडकी
'प्ले ऑल' एका ठरलेल्या यादीपुरतं चालतं, जादा चित्रफिती त्या यादीबाहेर वेगळ्या टायटलमध्ये (डिस्कवरच्या स्वतंत्र व्हिडिओत) पडून असतात. प्लेबॅक मेनूत 'टायटल' उघडा. २४-२५ मिनिटांची टायटल म्हणजे भाग. दीड मिनिटाची बहुधा नामावली नसलेली सुरुवातीची किंवा शेवटची गाणी. ही गाणी आवर्जून बघा, अक्षरांखाली झाकलेलं रेखाटन तिथेच पूर्ण दिसतं.

एक सवय मात्र सोडा: शेवटचं गाणं टाळायला 'पुढचं चॅप्टर' दाबण्याची. जादा तुकडा त्याच चॅप्टरला जोडलेला असला तर तोही निघून जातो.

क्रमाबद्दल माझं मत पक्कं आहे, भागांसोबतच बघा. 'स्टँड अलोन कॉम्प्लेक्स'मध्ये प्रत्येक भागासोबत ताचिकोमा या विचार करणाऱ्या यंत्रांची छोटी चित्रफीत आहे. वरवर ती गंमत वाटते. पण या निळ्या यंत्रांना स्वतःचं वेगळेपण येऊ लागतं, हा मालिकेच्या मुख्य धाग्यांपैकी एक आहे आणि त्या गमतीत तोच चालू असतो. सगळ्या शेवटी एकदम बघितल्या तर नुसती करमणूक उरते. 'गनबस्टर'च्या विज्ञानाच्या धड्यांचंही तसंच: नोरिको, काझुमी आणि कोच बुटक्या रूपात येऊन मालिकेतलं विज्ञान समजावतात, तेव्हा संबंधित भाग ताजा असायला हवा.

आणि 'गनबस्टर'चा सहावा भाग जवळजवळ सगळा कृष्णधवल आहे. टीव्हीचे रंग बदलत बसू नका. चित्रकारांनी तो तसाच घडवलाय आणि तो तसाच बघायचा आहे.

चित्रवेडी
दोघांनाही मनापासून धन्यवाद. रेघा गेल्या, टायटलही सापडली. दोन गोष्टी राहिल्या. 'इव्हँगेलियन'चे काही भाग दोनदा दिसताहेत. आणि जपानी आवाज लावला की सबटायटल फक्त पाट्यांपुरती येतात.

रीळघर
सबटायटलचे दोन ट्रॅक असतात. एकात पाट्या आणि गाणी एवढंच, ते इंग्रजी डबसोबत बघणाऱ्यांसाठी. सबटायटल मेनूत दुसरा ट्रॅक घ्या. काही डिस्कवर तिसरा ट्रॅकही असतो, त्यात डबचेच शब्द असतात. जपानी वाक्य संपलं तरी ओळी येतच राहिल्या तर तो ट्रॅक चुकीचा. कॉमेंटरी (भागावरचं भाष्य) असेल तर ती ऑडिओ मेनूत वेगळा ट्रॅक म्हणून दिसेल.

दोनदा दिसणारे भाग २१ ते २४ असणार. एक आवृत्ती प्रसारणाची, दुसरी घरगुती व्हिडिओसाठी वाढवलेली. कालावधी बघा, लांब ती वाढवलेली.

तिसरी_खिडकी
मालिका तुम्ही आधी पाहिलेली आहे, त्यामुळे वाढवलेल्याच लावा. नंतर 'द एंड ऑफ इव्हँगेलियन' (१९९७) बघणार असाल तर त्या जास्त जुळतात. २५ आणि २६ मात्र गाळू नका, चित्रपट त्यांच्यानंतर.