क्लोरप्रोमाझिन आणि यूव्ही-ए: अंधारातल्या नळीतही तांबड्या पेशी का फुटतात?

प्रश्न – कलिना_एमएस्सी
प्रोजेक्टसाठी क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधाचं फोटोहिमोलिसिस (औषध आणि उजेडाने तांबड्या पेशी फुटणं) करतोय. खाटकाकडून सायट्रेटमध्ये घेतलेलं शेळीचं रक्त, 200 मायक्रोमोलर औषध, 365 नॅनोमीटरचा (यूव्ही-ए, म्हणजे अतिनील) एलईडी, अर्धा तास. मग लगेच सेंट्रिफ्यूज करून 540 नॅनोमीटरला बाहेर आलेल्या हिमोग्लोबिनचं रीडिंग. फॉइल गुंडाळलेल्या नळीतही वरचं पाणी तांबडं येतं आणि उजेडातली नळी तिच्यापेक्षा फार पुढे जात नाही. सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचं जास्त क्रियाशील रूप) टिपून घेणारं सोडियम अझाइड घातल्यानेही काही बदलत नाही. सिंगलेट ऑक्सिजन तयार होत असेल तर अझाइडने हिमोलिसिस थांबायला नको का?

उत्तर – परळ_बायोकेम
आधी अंधारातली नळी. क्लोरप्रोमाझिनचा रेणू धन प्रभाराचा आणि तेलकट शेपटीचा, त्यामुळे तो पेशीच्या पडद्याच्या आतल्या थरात घुसतो आणि पेशी वाटीसारखी खोलगट होते. मात्रा वाढवली की तो साबणासारखा पडदा विरघळवतो, त्याला उजेड लागत नाही. त्यात शेळीच्या तांबड्या पेशी फार लहान आणि नाजूक, सलाइनची तीव्रता जरा घसरली तरी फुटतात. 20 ते 50 मायक्रोमोलरवर या. मेंढीचं किंवा एथिक्स कमिटीच्या परवानगीने माणसाचं रक्त मिळालं तर उत्तम. 7.4 पीएचच्या पीबीएसने (फॉस्फेट बफर सलाइन) तीनदा धुवा, शेवटचं पाणी स्वच्छ निघालंच पाहिजे, मग 1 टक्का सस्पेन्शन.

आता दिवा. या औषधाचं शोषण 306 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक आहे आणि 350 च्या पुढे जवळजवळ संपतं. म्हणजे तुमचा एलईडी त्याला दिसतच नाही. 320 ते 400 असा रुंद पट्टा देणारी यूव्ही-ए ट्यूब घ्या. नळीच्या जागी रेडिओमीटर धरून मोजा: 1.7 मिलिवॅट प्रति चौरस सेंमी असेल तर 50 मिनिटांत साधारण 5 जूल होतात. नळ्या उघड्या किंवा क्वार्ट्झच्या ठेवा आणि पंखा लावा, नाहीतर दिव्याच्या उष्णतेनेच पेशी जातील.

अझाइडबद्दल: इथे मुख्य वाट ऑक्सिजनची नाही. प्रकाशाने दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा क्लोरीन तुटतो, रॅडिकल (सुटा इलेक्ट्रॉन असलेला क्रियाशील रेणू) तयार होतो आणि तो शेजारच्या लिपिडचा हायड्रोजन ओढतो. नायट्रोजन सोडलेल्या नळीतही हिमोलिसिस होतं. एक नळी तशी ठेवा, प्रोजेक्टमधलं सर्वात बोलकं निरीक्षण तेच ठरेल.

आणि लगेच वाचू नका. आधी पडद्यातून पोटॅशियम गळतं, हिमोग्लोबिनच्या ओढीने पाणी आत येतं, पेशी फुगते, मग फुटते. दिव्यानंतर 37 अंशांवर अंधारात तासभर ठेवा.

उत्तर – माटुंगा_फार्मा
वरच्याला दोन जोड. एक कंट्रोल (तुलनेची नळी) सुटलाय: आधी फक्त औषधाच्या द्रावणावर उजेड पाडा, मग अंधारात पेशी मिसळा. फोटोप्रॉडक्ट स्वतःच पडदा फोडतात, हे वेगळं दाखवल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही. स्टॉक 10 मिलिमोलर, म्हणजे हायड्रोक्लोराइड 3.55 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, रोज ताजा करा. गुलाबी छटा आली की फेकून द्या.

दुसरं, उजेडाने थोडं हिमोग्लोबिन मेटहिमोग्लोबिन (त्याचं ऑक्सिडाइज झालेलं रूप) होतं आणि 540 चं रीडिंग कमी येतं. 523 ला वाचा, तिथे दोघांचं शोषण सारखं असतं. ड्रॅब्किन (हिमोग्लोबिन मोजायचं द्रावण) वापरलंत तर 540 चालेल, पण त्यात सायनाइड आहे, कचऱ्यात आम्ल पडता कामा नये. 100 टक्क्यांसाठी, म्हणजे सगळ्या पेशी फोडलेल्या तुलनेच्या नळीसाठी, 0.1 टक्का ट्रायटॉन (डिटर्जंट).

उत्तर – ओपीडी_दादर
रुग्णांच्या बाजूचं सांगते. हे औषध चालू असलेल्यांना खिडकीच्या काचेआडूनही त्रास होऊ शकतो, कारण साधी काच बरंच यूव्ही-ए आत सोडते. ढगाळ जुलैतही सूट नाही. क्रीमवर नुसता एसपीएफ पाहू नका, यूव्ही-ए अडवणारं घ्या, शिवाय पूर्ण बाह्या. पुरळ आलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. वॉर्डात अँप्यूल खोक्यातच ठेवावेत: किंचित पिवळट चालतं, रंग ठळक बदलला असेल तर वापरू नये. गोळ्या कुटायच्या नाहीत, हाताळणाऱ्यांच्याही त्वचेवर पुरळ उठतं.