गॅस गिझर: कार्बन मोनॉक्साइड अलार्म 38 दाखवतो पण वाजत नाही (मदत हवी आहे)

बेसा_रोड
नमस्कार. नागपूर, दुसऱ्या मजल्यावरचा 2 बीएचके. बाथरूम 5 बाय 7 फूट, उंची 9 फूट. आत भिंतीवर 6 लिटरचा गॅस गिझर, त्याला धूर बाहेर नेणारा पाइप नाही. वरची काचपट्ट्यांची खिडकी डक्टमध्ये उघडते, थंडीमुळे सध्या बंद ठेवली आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मागवला: बॅटरीवरचा, आकडा दाखवणारा, मागे ईएन 50291 (अशा अलार्मचं युरोपीय मानक) छापलेलं. बाथरूमच्या दारापासून दीड मीटरवर पॅसेजमध्ये लावलाय. सकाळी लागोपाठ तीन आंघोळी झाल्या की आकडा 38 पर्यंत चढतो आणि अर्ध्या तासात उतरतो, पण अलार्म वाजत नाही. टेस्टचं बटण दाबलं की खणखणीत वाजतो. शिवाय आठवड्यातून एक-दोनदा रात्री 2 च्या सुमारास, घरात काहीच पेटलेलं नसताना, 20-25 दिसतं. इन्व्हर्टर त्याच पॅसेजमध्ये आहे. अलार्म बिघडलाय का? की तो बाथरूमच्या आत लावायला हवा होता?

निळी_ज्योत
बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढं ठरवा: उद्यापासून गिझर चालू असताना दार लावून कोणीही आत थांबायचं नाही. दार आणि खिडकी उघडी ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा, पाचेक मिनिटं हवा खेळू द्या, मग आंघोळ. शॉवर तूर्तास विसरा.

आता अलार्म. तो बिघडलेला नाही, नियमाप्रमाणे वागतोय. हा अलार्म नुसत्या आकड्यावर वाजत नाही. किती पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे किती भाग, तुमचा 38 हा तोच आकडा) आणि किती वेळ, या दोन्हींवर वाजतो, कारण रक्तात हा वायू साठतो तोही असाच, हळूहळू. ईएन 50291 नुसार 30 पीपीएमला दोन तासांच्या आत वाजायचं नाही. 50 ला 60 ते 90 मिनिटांत, 100 ला 10 ते 40 मिनिटांत आणि 300 ला 3 मिनिटांच्या आत वाजलाच पाहिजे. तुमचा 38 अर्ध्या तासात उतरतो, म्हणून तो गप्प.

पण तो गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं मुळीच नाही. 38 हा पॅसेजमधला आकडा आहे, तोही दाराच्या फटीतून निसटलेल्या हवेचा. आत आंघोळ करणारा माणूस त्याहून कितीतरी जास्त घेत असणार. हिशेब करून बघा. तुमचं बाथरूम जेमतेम 9 घनमीटर. 6 लिटरचा गिझर पूर्ण आचेवर तासाला साधारण 900 ग्रॅम गॅस जाळतो आणि त्यासाठी मिनिटाला 40 लिटरच्या आसपास ऑक्सिजन ओढतो. सगळं बंद असेल तर पाच-सात मिनिटांत आतला ऑक्सिजन 21 वरून 18-19 टक्क्यांवर येतो. त्यात बर्नरला स्वतःचाच धूर पुन्हा हवा म्हणून मिळायला लागतो. मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड झपाट्याने वाढतो. पहिल्या आंघोळीला ज्योत निळी दिसेल, तिसरीला टोकं पिवळी. गिझरच्या वरच्या जाळीवर काजळी धरली असेल तर बर्नर साफ करून घ्यायलाही उशीर झालाय. उन्हाळाभर बंद राहिलेल्या गिझरच्या बर्नर नळीत कोळी जाळं करतो, त्यानेही हवा अडते.

अलार्म बाथरूममध्ये लावू नका. वाफेने सेन्सर आणि सर्किट दोन्ही खराब होतात. पॅसेजमधली जागा बरोबर आहे. ज्या खोलीत काही पेटतं तिथे भिंतीवर लावायचा तर दाराच्या चौकटीपेक्षा उंच, छतापासून किमान 15 सेंमी खाली, आणि पेटणाऱ्या वस्तूपासून 1 ते 3 मीटरवर. झोपायच्या खोलीत मात्र पलंगावर डोकं असतं त्या उंचीला. एलपीजीचा डिटेक्टर जमिनीलगत लावतात कारण तो गॅस जड असतो, खाली बसतो. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका, सगळीकडे मिसळतो. त्यामुळे एकाची जागा दुसऱ्याला चालत नाही. एलपीजीच्या डिटेक्टरला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म समजून विकत घेणारे बरेच जण असतात, ती चूक तुमच्याकडून झालेली नाही हे चांगलं.

भारनियमन
रात्री 2 चं कोडं बहुतेक इन्व्हर्टरच्या बॅटरीचं आहे. त्या संध्याकाळी लाइट गेली होती का, ते आठवून पाहा. ट्युब्युलर बॅटरी चार्ज होत आली की शेवटच्या टप्प्यात पाण्यातून हायड्रोजन सुटतो, आणि या अलार्ममधल्या इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरला हायड्रोजनही थोडाफार कार्बन मोनॉक्साइडसारखाच भासतो. सॅनिटायझर, स्प्रे, नेलपॉलिश रिमूव्हर, ताजा रंग यांनीही आकडा हलतो. देवघरातल्या धुपाने हलला तर तो मात्र खराच कार्बन मोनॉक्साइड असतो.

खात्री अशी करा. अलार्म गॅलरीत उघड्यावर अर्धा तास ठेवा, शून्य आलं पाहिजे. मग घरात काहीही पेटलेलं नसताना, इन्व्हर्टर दोनेक तास बॅटरीवर चालवून चार्जिंगला लावा आणि अलार्म बॅटरीपासून एक मीटरवर ठेवा. चार्जिंगच्या शेवटी आकडा चढला आणि दुसऱ्या खोलीत नेल्यावर उतरला, तर हायड्रोजन. पण हे सिद्ध होईपर्यंत आकडा खराच धरून चाला. डक्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या कोणाच्या गिझरचा धूर सुटत असेल तर तोही तुमच्याच खिडकीतून आत येणार.

हायड्रोजन निघाला तरी दुर्लक्ष नको. बॅटरीच्या टोपणातले तरंगते दांडे बघून डिस्टिल्ड वॉटर भरा. सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर चार्जर जास्त व्होल्टेज देतोय, मेकॅनिकला दाखवा. बॅटरी गॅलरीत हलवता आली तर उत्तमच.

पारा47
एक आपल्या गावापुरतं. बहुतेक अलार्मच्या खोक्यावर चालायचं तापमान 40 किंवा 45 अंशांपर्यंत दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच 45 च्या वर जातं आणि हवा कोरडी ठक्क. सेन्सरमधलं द्रावण अशा हवेत सुकतं. पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीवर, माळ्यावर किंवा टिनाखाली लावू नका. मागच्या बाजूला बदलायची तारीख छापलेली असते, मॉडेलनुसार 5, 7 किंवा 10 वर्षं. आपण ती शेवटची मर्यादा धरायची, त्याच्या पुढे एक दिवसही नाही. आणि कूलरच्या खिडकीला हिवाळ्यात थर्माकोल, प्लास्टिक लावून बंद केलं असेल तर तेही मोजा: घरात हवा यायची सगळ्यात मोठी वाट तीच होती.

बेसा_रोड
सगळ्यांचे मनापासून आभार. कूलरची खिडकी खरंच थर्माकोलने बंद आहे, आणि 2 वाजता आकडा चढला त्या दोन्ही दिवशी संध्याकाळी लाइट गेलेली होती. आणखी दोन गोष्टी. प्लंबर म्हणतो, बाथरूमला एक्झॉस्ट फॅन लावा, काम होईल. आणि सासूबाई तिसऱ्या नंबरला आंघोळ करतात. बाहेर आल्यावर त्यांचं डोकं जड होतं, मळमळतं. आम्ही अ‍ॅसिडिटी समजत होतो. ऑक्सिमीटरवर 98 येतं, म्हणजे ठीक ना?

अंबाझरी
नाही, ताई. 98 वर विसंबू नका. बोटावरचा ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनला चिकटलेला ऑक्सिजन आणि चिकटलेला कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करू शकत नाही, दोन्ही धरून आकडा दाखवतो. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट धरतो. साध्या हवेत रक्तातलं त्याचं प्रमाण अर्ध्यावर यायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. ताप नाही, डोकं दुखतं, मळमळ, मोकळ्या हवेत बरं वाटतं, आणि घरातल्या एकाहून जास्त जणांना असं होतं: हे जुळलं तर अ‍ॅसिडिटी म्हणू नका. सासूबाईंना आजच डॉक्टरांकडे न्या आणि "बंद बाथरूममध्ये गॅस गिझर चालतो" हे वाक्य आधी सांगा. रक्तातलं कार्बॉक्सिहिमोग्लोबिन (हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन) तपासायला सांगतील. पण ही तपासणी आंघोळीनंतर लवकर झाली तरच उपयोगाची, दुसऱ्या दिवशी आकडा निवळलेला असतो. कोणी गळून पडलं, बोलताना अडखळलं, छातीत दुखलं किंवा घरात गर्भवती असेल तर वाट न बघता 108.

निळी_ज्योत
एक्झॉस्ट फॅनने काम होणार नाही. फॅन हवा बाहेर फेकतो, पण दार लावलेलं असेल तर आत कुठून येणार? दाराला खालून निदान दोन विटांच्या तोंडाएवढी जाळी हवी, आणि तीही कोणी टॉवेल कोंबून बंद करणार नाही अशी. गिझरला धुराचा पाइप बसवून वर फॅनही लावला तर आणखी वाईट: फॅन त्याच पाइपातून धूर उलटा आत ओढतो.

खरा उपाय एकच, गिझर गॅलरीत हलवा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणा. डक्टमध्ये नको, ती चारही बाजूंनी बंद विहीर आहे. गॅलरीतही बेडरूम, स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बाजूला आणि पावसाचा सपकारा, थेट वारा लागणार नाही अशी जागा निवडा, नाहीतर ज्योत विझते. गिझरच्या तोंडाशी सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप) थेट जोडू नका, आधी स्टीलच्या वेणीची नळी, मग सीपीव्हीसी, त्यावर फोमचं कव्हर. गॅसची नळी आयएसआय मार्कची नारंगी सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नाही, 5 वर्षांनी बदलायची. पाइप लांबल्यामुळे सुरुवातीचं थंड पाणी निघेल, ते बादलीत धरा.

बेसा_रोड
ठरलं, गॅलरी. दुपारी डॉक्टरांकडेही जातोय. आता शेवटचं, अलार्म खरंच वाजला तर नेमकं काय करायचं? आणि टेस्टचं बटण वाजतं म्हणजे सेन्सरही चांगला असं समजू का?

भारनियमन
बटण फक्त भोंगा, बॅटरी आणि सर्किट तपासतं, सेन्सरपर्यंत पोहोचत नाही. ढोबळ खात्री हवी असेल तर अलार्म पारदर्शक झिपच्या पिशवीत ठेवा, विझत आलेल्या उदबत्तीचा धूर आत भरा, काडी बाहेर काढून तोंड बंद करा. दोन-तीन मिनिटांत आकडा चढायला हवा. यातून सेन्सर जिवंत आहे एवढंच कळतं, अचूक आहे का ते नाही. वर्षातून एकदा पुरे, रोज नको, धुराचा थर बसतो.

आवाज ओळखायला घरातल्या प्रत्येकाला शिकवा. बहुतेक मॉडेलमध्ये सलग चार बीप, विराम, पुन्हा चार बीप म्हणजे वायू. अर्ध्या-एक मिनिटाने एकच बारीक चिवचिव म्हणजे बॅटरी संपली किंवा सेन्सरचं आयुष्य संपलं. तुमच्या माहितीपत्रकात पडताळून घ्या. चार बीप आले की जाता जाता गिझर, शेगडी बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेर डोकी मोजा. कोणाला त्रास होत असेल तर 108, नाहीतर 112. आकडा शून्यावर आला म्हणून लगेच आत शिरू नका, खिडक्या उघडल्यामुळे तो उतरलेला असतो. कारण सापडेपर्यंत ती वस्तू पुन्हा पेटवायची नाही.

सोबत एलपीजीचा वास येत असेल तर दिव्याचं, पंख्याचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, बाहेर आल्यावर 1906 ला फोन करा.

पारा47
शेगडीचं नाव निघालंच म्हणून: कोळसा लाल झाला, धूर थांबला की लोक ती रात्री खोलीत आणतात. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनच हा वायू सगळ्यात जास्त सुटतो. सासूबाईंना शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी द्या.