प्रत्येक जॉब मूळ ट्रेसलाच जोडावा का?

ट्रेस म्हणजे एका विनंतीच्या पूर्ण प्रवासाची नोंद आणि स्पॅन म्हणजे त्यातील एका टप्प्याची नोंद. जॉब (पार्श्वभूमीत चालणारे काम) रांगेत टाकताना त्याच्या पेलोडमध्ये (सोबतच्या माहितीत) ट्रेसपॅरेंट, म्हणजे मूळ ट्रेस व स्पॅनची ओळख, साठवावा आणि वर्करने (जॉब चालवणाऱ्या प्रोसेसने) तो वाचून आपला स्पॅन त्याच ट्रेसमध्ये जोडावा, अशी एक सूचना केली जाते. काही सेकंदांत उरकणाऱ्या जॉबसाठी ती योग्यच आहे. ती सरसकट लागू करण्याबाबत मात्र माझे मत वेगळे आहे. साइडकिकमध्ये (रूबी भाषेतील जॉब चालवणाऱ्या प्रणालीत) अयशस्वी जॉब डीफॉल्टनुसार २५ वेळा, सुमारे २० दिवसांच्या कालावधीत, पुन्हा चालवला जातो आणि इतका लांबलेला ट्रेस वाचण्याजोगा राहत नाही. ट्रेस गोळा करणाऱ्या ओपनटेलिमेट्री कलेक्टरमधील टेल सॅम्पलिंग (ट्रेसचे स्पॅन पाहून मगच निवड करण्याची पद्धत) तर, मुद्दाम बदलले नसल्यास, ३० सेकंद थांबून कोणता ट्रेस ठेवायचा ते ठरवते; त्यामुळे अर्ध्या तासाने जॉबमध्ये आलेली त्रुटी त्या निर्णयात धरलीच जात नाही.

आमच्याकडे पावतीची पीडीएफ ईमेलने पाठवणाऱ्या जॉबमध्ये हे प्रत्यक्ष दिसले: मूळ विनंती १८० मिलिसेकंदांत संपलेली, पण ट्रेसची लांबी ४१ मिनिटे, आणि त्यात वेब-स्पॅन म्हणजे डाव्या कडेला केसाएवढी रेघ. शेवटी प्रत्येक प्रयत्नाला स्वतंत्र ट्रेस देऊन त्यातून मूळ स्पॅनकडे स्पॅन-लिंक (दुसऱ्या ट्रेसमधील स्पॅनचा नुसता संदर्भ) जोडली (साइडकिकचे ट्रेस नोंदवणाऱ्या ओपनटेलिमेट्रीच्या रूबी इन्स्ट्रुमेंटेशनची डीफॉल्ट पद्धतही हीच आहे, हे आम्हाला उशिरा कळले). रांगेत टाकल्याची वेळ आणि प्रयत्नाचा क्रमांक हे दोन ॲट्रिब्यूट (स्पॅनला जोडलेले तपशील) मात्र जरूर नोंदवावेत. त्यांच्यामुळेच पुढे असे जॉब बहुतांश वेळ नुसते रांगेत पडून असतात, पीडीएफ बनवण्यात वेळ जात नाही, हे उघड झाले.