संगणक अचानक सुरू होईनासा झाला आहे : दोष एसएमपीएसचा की मदरबोर्डचा, हे कसे ओळखावे?

नमस्कार.

माझा डेस्कटॉप संगणक काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालत होता. रीतसर शट डाउन करून तो बंद केला आणि आज सकाळी तो सुरूच झाला नाही. पॉवर बटण दाबले की प्रोसेसरवरचा आणि कॅबिनेटचा असे दोन्ही पंखे जेमतेम पाव फेरा घेतात, एसएमपीएसमधून (वीजपुरवठा करणाऱ्या पेटीतून) 'टक्' असा बारीक आवाज येतो आणि सगळे थांबते. त्यानंतर बटण कितीही वेळा दाबले तरी काहीही घडत नाही. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून, थोडे थांबून पुन्हा चालू केला, तर पहिल्यासारखाच पाव फेरा आणि तोच आवाज. या सगळ्या काळात मदरबोर्डवरचा छोटा हिरवा दिवा मात्र न लुकलुकता जळत असतो.

हा संगणक सुटे भाग आणून जोडलेला असून काही वर्षे जुना आहे. ४५० वॅटचा एसएमपीएस, ८ जीबीच्या दोन रॅम, वेगळे ग्राफिक्स कार्ड, एक एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क अशी त्याची रचना आहे. अलीकडे एकही नवा भाग बसवलेला नाही आणि प्रोसेसरचा वेग वाढवण्याचे प्रयोगही कधी केलेले नाहीत. पॉवर केबल बदलून पाहिली, यूपीएस वगळून थेट भिंतीवरच्या सॉकेटला जोडून पाहिले, माउस-कीबोर्डसह बाहेरची सर्व उपकरणे काढली आणि रॅम काढून पुन्हा बसवल्या. यांपैकी कशानेही फरक पडला नाही. जळका वास येत नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर टॉर्चच्या उजेडात निरखून पाहिले, त्यांपैकी एकही फुगलेला किंवा पाझरलेला दिसत नाही.

दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांनी यंत्र न पाहताच 'मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या' असे फोनवर सांगितले. ते खरे असेलही, परंतु केवळ अंदाजावर अख्खा संगणक मोडीत काढायला माझे मन तयार नाही. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे, पण बदलून पाहण्यासाठी दुसरा एसएमपीएस किंवा मदरबोर्ड नाही. अशा स्थितीत दोष नेमका कुठे आहे हे घरच्या घरी कितपत ठरवता येईल? दुसरे म्हणजे, एसएसडीवर एका शब्दसंग्रहाचे बरेच मोठे काम आहे आणि ते मला फार मोलाचे आहे. बटण वारंवार दाबल्याने त्याला धोका पोहोचेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपण लक्षणे नेमकेपणाने लिहिली, त्यामुळे बरेचसे काम सोपे झाले आहे. त्यांतही सर्वांत उपयोगी खूण अशी, की पहिल्या प्रयत्नानंतर मागचा स्विच बंद-चालू करेपर्यंत बटण दाद देत नाही. एसएमपीएसला आपल्या कोणत्याही वाहिनीवर (ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या तारांवर) शॉर्ट किंवा प्रमाणाबाहेर प्रवाह जाणवला, तर तो स्वतःला बंद करून घेतो, आणि मेन्सचा पुरवठा तोडून पुन्हा दिल्याशिवाय बहुतेक एसएमपीएस त्या अवस्थेतून बाहेर येत नाहीत. आपल्याकडे नेमके हेच घडते आहे.

हिरवा दिवा जळतो याचा अर्थ जांभळ्या तारेवरचा ५ व्होल्टचा कायमस्वरूपी पुरवठा शाबूत आहे. पंखे हलतात याचा अर्थ पॉवर बटण आणि त्याची तारही ठीक आहे. बटण दाबल्यावर मदरबोर्ड २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी तार शून्यावर ओढतो आणि तेव्हाच एसएमपीएसच्या मुख्य वाहिन्या जाग्या होतात. वाहिन्या स्थिरावल्या की एसएमपीएस १०० ते ५०० मिलिसेकंदांनी करड्या तारेवरून 'सर्व ठीक' असा संकेत देतो आणि तो मिळाल्यावरच प्रोसेसर कामाला लागतो. आपला संगणक त्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासणे, बायोसचा (संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीचा) सेल बदलणे हे नेहमीचे सल्ले इथे फारसे लागू पडणार नाहीत. रॅम सैल असती तर पंखे फिरत राहिले असते आणि फक्त पडदा काळा राहिला असता. बिघडलेल्या विंडोजचाही इथे प्रश्न येत नाही, कारण डिस्क वाचण्याची वेळच येत नाही.

आता उरते ते एवढेच : एसएमपीएस स्वतः दुबळा झाला आहे, की त्याला जोडलेला एखादा भाग शॉर्ट झाला आहे? त्यासाठी आधी एसएमपीएस एकट्याने तपासावा. मेन्सची केबल काढून बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे साठलेला विद्युतभार निघून जाईल. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी यांचे सर्व कनेक्टर काढा. थोडा भार म्हणून कॅबिनेटचा एखादा पंखा किंवा निकामी झाली तरी चालेल अशी जुनी डिस्क तेवढी राहू द्या. मग २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी तार आणि कोणतीही काळी तार यांच्या छिद्रांत तारेचा छोटा तुकडा अडकवा आणि मेन्स चालू करा. एसएमपीएस चालू राहिला, तर काळ्या तारेच्या संदर्भाने व्होल्टेज मोजा. पिवळ्या तारेवर ११.४० ते १२.६०, लाल तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट एवढे मिळायला हवे. आपल्या एसएमपीएसच्या तारा सगळ्याच काळ्या असतील, तर कनेक्टरची आकृती समोर ठेवल्याशिवाय तार अडकवू नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. एसएमपीएसची पेटी कोणत्याही परिस्थितीत उघडू नका. २३० व्होल्टच्या मेन्सवर आतला मुख्य कपॅसिटर ३०० व्होल्टहून अधिक भारित होतो आणि केबल काढल्यानंतरही तो भार काही काळ टिकू शकतो.

या चाचणीत एसएमपीएस नापास झाला, तर दोष त्याचाच आहे. पास झाला, तर मात्र तो पूर्ण निर्दोष ठरत नाही, कारण खऱ्या भाराखाली तो कोसळू शकतो. तेव्हा पुढची पायरी घ्यावी. सर्व कनेक्टर पुन्हा जोडा आणि मग एकेक भाग कमी करत जा : प्रथम दोन्ही डिस्क, मग पुढच्या यूएसबी पोर्टच्या तारा, मग ग्राफिक्स कार्ड. यूएसबी पोर्टमधली वाकलेली पिनही क्वचित हा प्रकार घडवते, म्हणून तीही नीट पाहून घ्या. भाग काढताना-जोडताना केबल काढलेली असावी, आणि प्रत्येक प्रयत्नाआधी मागचा स्विच निदान अर्धा मिनिट बंद ठेवावा. अनेक जण नेमके इथे फसतात. एसएमपीएस अजून आधीच्याच संरक्षित अवस्थेत असतो आणि 'हा भाग काढूनही फरक पडला नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सर्वांत शेवटी प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनी १२ व्होल्ट कनेक्टर काढून बटण दाबा. तो काढल्यावर पडद्यावर काहीच येणार नाही, पण पंखे सलग फिरतात की थांबतात, हेच आपल्याला पाहायचे आहे.

एसएसडीविषयी म्हणाल, तर एसएमपीएस संरक्षणासाठी बंद होत असताना सहसा डिस्कला इजा होत नाही. तरीही तपासणी चालू असेपर्यंत तिला काढून बाजूला ठेवणेच शहाणपणाचे. साटा प्रकारची असेल तर साध्या यूएसबी अडॅप्टरने आणि एनव्हीएमई प्रकारची असेल तर तिच्या वेगळ्या एन्क्लोजरमधून ती दुसऱ्या संगणकाला जोडता येते. विंडोजचे बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती आधी शोधून ठेवा आणि तोवर बायोस रीसेट करू नका, कारण रीसेटनंतर संगणक सुरू झाला तरी तीच की मागितली जाऊ शकते.

धागाकर्त्याचे उत्तर

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एसएमपीएस एकट्याने चालवून पाहिला. तो सलग चालू राहिला आणि पिवळ्या तारेवर १२.०८, लाल तारेवर ५.०४ व नारिंगी तारेवर ३.३२ व्होल्ट मिळाले. त्यानंतर डिस्क, पुढच्या यूएसबीच्या तारा आणि ग्राफिक्स कार्ड एकामागून एक काढले, पण प्रत्येक वेळी पाव फेरा घेऊन पंखे थांबलेच. शेवटी प्रोसेसरजवळचा ८ पिनी कनेक्टर काढला आणि बटण दाबले, तर दोन्ही पंखे फिरू लागले आणि मी स्वतः बंद करेपर्यंत फिरत राहिले. कनेक्टर पुन्हा जोडून खात्री करून घ्यावी असे वाटते आहे, परंतु त्याआधी विचारलेले बरे.

प्रतिसाद

कृपया तो कनेक्टर पुन्हा जोडून बटण दाबू नका. त्याचे कारण सांगतो.

प्रोसेसरला १२ व्होल्ट थेट चालत नाहीत, त्याला साधारण १ व्होल्टच्या आसपास पुरवठा लागतो. हे रूपांतर प्रोसेसरच्या सॉकेटशेजारी, बहुतेक वेळा छोट्या हीटसिंकखाली, असलेले मॉस्फेट (विजेवर चालणारे छोटे स्विच) करतात. प्रत्येक फेजमध्ये (हे काम वाटून घेणाऱ्या प्रत्येक गटात) एक वरचा आणि एक खालचा असे दोन मॉस्फेट आळीपाळीने चालू-बंद होतात. वरचा मॉस्फेट शॉर्ट झाला, तर १२ व्होल्ट कॉइलमधून सरळ प्रोसेसरकडे जाऊ पाहतात, प्रवाह प्रचंड वाढतो आणि एसएमपीएस क्षणार्धात बंद होतो. आपला एसएमपीएस तत्परतेने बंद झाला म्हणूनच प्रोसेसर वाचलेला असण्याची आशा आहे, आणि म्हणूनच त्याची परीक्षा पुन्हा पुन्हा घेणे योग्य नाही.

याची खात्री बटण न दाबताही करता येते. मेन्सची केबल पूर्ण काढा, मल्टिमीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा आणि आधी दोन्ही टोके एकमेकांना टेकवून तारांचा स्वतःचा रोध पाहून घ्या. मग मदरबोर्डवरच्या ८ पिनी सॉकेटमध्ये, जिथे पिवळी तार येते ती पिन आणि जिथे काळी येते ती पिन, यांच्यातला रोध मोजा. निरोगी बोर्डावर कपॅसिटर भारित होत जातात तसा आकडा वाढत जातो आणि या रेंजच्या बाहेर निघून जातो. एक-दोन ओहमवर तो खिळून राहिला, तर शॉर्ट आहे असे समजावे. त्यानंतर प्रोसेसर जपून काढा आणि तेच माप पुन्हा घ्या. प्रोसेसर काढल्यावर रोध बराच वाढला, तर प्रवाहाची वाट प्रोसेसरमधून जात होती, म्हणजे संशय वरच्या मॉस्फेटवर. तो जवळपास तेवढाच राहिला, तर १२ व्होल्टच्या बाजूचा एखादा कपॅसिटर किंवा एकाच फेजचे दोन्ही मॉस्फेट शॉर्ट झाले असावेत.

मोजताना कॉइलच्या प्रोसेसरकडील टोकाला हात घालू नका. प्रोसेसर बसवलेला असताना तिथे एखाद्या ओहमचा किंवा त्याहूनही कमी रोध दिसणे अगदी नैसर्गिक आहे आणि तो आकडा पाहून चांगले बोर्ड टाकून दिले गेल्याची उदाहरणे माझ्या पाहण्यात आहेत.

धागाकर्त्याचे उत्तर

मापे घेतली. मल्टिमीटरच्या तारांचा रोध ०.३ ओहम आहे. ८ पिनी सॉकेटमध्ये प्रोसेसर असताना १.६ ओहमवर आकडा स्थिर राहिला, आणि प्रोसेसर काढल्यावर तो २०० ओहमच्या पलीकडे निघून गेला. म्हणजे संशय वरच्या मॉस्फेटवर येतो. हीटसिंक काढून पाहिला, तेव्हा सॉकेटपासून दुसऱ्या फेजच्या मॉस्फेटच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा तपकिरी डाग आढळला. वरून तो अजिबात दिसत नव्हता.

दरम्यान एसएसडी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली. शब्दसंग्रहाच्या सर्व फाइल उघडतात आणि त्यांच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी करून ठेवल्या आहेत. मनावरचा मोठा भार उतरला. आता एवढेच विचारायचे आहे, की मॉस्फेट बदलून घेणे योग्य ठरेल, की मदरबोर्डच बदलावा? आणि प्रोसेसर वाचला आहे की नाही, हे कसे कळेल?

प्रतिसाद

प्रोसेसरची खात्री त्याच सॉकेटच्या, तो प्रोसेसर स्वीकारणाऱ्या, चालू स्थितीतल्या दुसऱ्या मदरबोर्डवरच होऊ शकते. मल्टिमीटरने त्याविषयी भरवशाचे काही सांगता येत नाही. उलट दिशेने, म्हणजे दुसरा चांगला प्रोसेसर या बोर्डात बसवून पाहण्याचा मोह मात्र टाळा.

हॉट एअरने मॉस्फेट बदलण्याचा सराव असलेला कारागीर मिळत असेल, तर दुरुस्ती जरूर करून घ्यावी, कारण बाकीचा बोर्ड निरोगी दिसतो. पण त्यांना त्या फेजचे वरचा आणि खालचा हे दोन्ही मॉस्फेट बदलायला सांगा आणि त्यांना चालवणारी ड्रायव्हर चिपही तपासून घ्यायला सांगा. चिप बिघडलेली राहिली, तर नवा मॉस्फेटही त्याच वाटेने जातो. दुरुस्तीनंतर ८ पिनी सॉकेटचा रोध पुन्हा मोजावा आणि पहिली चाचणी शक्य असल्यास एखाद्या जुन्या, कमी मोलाच्या प्रोसेसरवर घ्यावी.

मदरबोर्ड बदलायचा ठरला, तर सॉकेट आणि रॅमचा प्रकार जुळवून घ्या; डीडीआर४ ची रॅम डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. नव्या बोर्डाच्या बायोसची आवृत्ती आपला प्रोसेसर ओळखते का, हेही निर्मात्याच्या यादीत आधी पाहून घ्या. एसएमपीएस आपण मोजलेल्या आकड्यांवरून ठीक दिसतो. बोर्ड चालू झाल्यावर, संगणकावर पूर्ण भार असताना पिवळ्या तारेचे व्होल्टेज एकदा पुन्हा मोजा. ते ११.४० च्या वर टिकून राहिले, तर तोच वापरता येईल.