टर्बो रिबिल्ड केला तरी गाडी निळा धूर मारते – मदत हवी आहे

गंजकाम
टर्बो रिबिल्ड करून आणला, नवीन पॅकिंग टाकून बसवला, ऑइल आणि फिल्टर बदलला. तरी सायलेन्सरमधून निळा धूर, म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, व्हॉल्व्ह सील वगैरे सांगू नका, इंजिन ठीक आहे. टर्बोचं सील परत गेलं का? नवीन टर्बो शोधू का? लवकर सांगा, बाकी सगळं तपासून झालंय.

अर्धापाना
गाडी कोणती, मालक? कार्ब्युरेटरवाली की इंजेक्शन? टर्बो इंजिनच्या वर, पुढे की मागे? धूर कधी येतो: स्टार्ट करताच, आयडलला, रेस सोडल्यावर की लोडवर? आणि "सगळं" म्हणजे नक्की काय तपासलं?

घासलेट
२०डब्ल्यू-५० टाका. जाड ऑइल गळत नाही. विषय संपला.

गंजकाम
कावासाकी ७५०, इंजेक्शन. धूर निळा आहे, सांगितलं की. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळपास सारखं आहे.

आटेबहाद्दर
म्हणजे जीपीझेड७५० टर्बो बाइक, १९८४-८५ची. हे पहिल्याच ओळीत हवं होतं. तिचा टर्बो पुढे, खाली, एक्झॉस्ट पोर्टच्या जवळ बसतो. तिथून ऑइल आपोआप इंजिनच्या तळातल्या ऑइल-टाकीत (संपमध्ये) उतरत नाही, ते ओढून घ्यायला वेगळा स्कॅव्हेंज पंप असतो.

टर्बोच्या शाफ्टला रबरी सील नसतं, पिस्टन रिंगसारखी बारीक रिंग असते. भरलेलं ऑइल अडवणं तिचं काम नाही. बेअरिंग हाउसिंगमधलं ऑइल लगेच निघून गेलं तरच ती पुरते. परतीची वाट तुंबली की नवाकोरा टर्बोही टर्बाइनकडून (एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाकडून) ऑइल ओकतो. त्यामुळे घाईने दुसरा टर्बो घेतलात तर तोही धूर मारेल.

आधी दोष इंजिनचा की टर्बोचा ते ठरवा. गाडी गार असताना बेंड पाइप (इंजिनपासून टर्बोपर्यंतचे एक्झॉस्ट पाइप) टर्बोपासून सोडवा. बेंड आतून ओले असतील तर इंजिन. बेंड कोरडे आणि टर्बाइनचं बाहेरचं तोंड ओलं असेल तर टर्बो किंवा त्याची परतीची वाट.

@घासलेट, जाड ऑइल परतीच्या वाटेने अजून हळू जातं. इथे उलटाच परिणाम होईल. १०डब्ल्यू-४०च ठेवा, आणि डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचच्या बाइकसाठीची खूण) बघा. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं 'एनर्जी कन्झर्व्हिंग' ऑइल टाकलं तर तो घसरेल.

घासलेट
जाड ऑइलने बेअरिंगला आधार मिळतो. पटत नसेल तर राहू द्या.

रिकामटेकडा
टर्बो काढून साधे कार्ब्युरेटर लावा ना. डोकेदुखीच नको.

आटेबहाद्दर
पिस्टन टर्बोसाठी बनवलेले आहेत, कॉम्प्रेशन कमी, ७.८:१. बूस्ट (टर्बोचा जादा हवेचा दाब) काढला तर ७३८ सीसीचं इंजिन मेल्यासारखं ओढेल. आणि मग ही गाडी घ्यायचीच कशाला?

टाकीवाला
टाकी आतून गंजली असणारच. सायट्रिक ॲसिड १ लिटर पाण्याला १०० ग्रॅम, रात्रभर ठेवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि थोडं ऑइल फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस पडते. इंजेक्टरच्या जाळीत गंज गेला की काम वाढतं.

अर्धापाना
टाकीबद्दल कोणी विचारलं नव्हतं, पण सोड्याचा मुद्दा बरोबर. व्हिनेगर वापरू नका, फार वेळ लागतो.

टाकीवाला
व्हिनेगर मी म्हटलंच नाही!

गंजकाम
बेंड कोरडे. टर्बाइनचं बाहेरचं तोंड ओलं, चिकट. सकाळी गार असताना धूर नसतो, पाच-दहा मिनिटांनी इंजिन तापलं की आयडलला वाढतो. रेस दिली तर थोडा कमी होतो.

चकतीवायसर
टर्बोला ऑइल नेणाऱ्या वाटेतली एकतर्फी झडप खराब असेल. उभ्या गाडीत ऑइल पुरवठ्याच्या वाटेने टर्बोत उतरतं.

आटेबहाद्दर
मग सकाळी स्टार्ट करताच ढग उठला असता आणि नंतर निवळला असता. इथे बरोबर उलटं आहे. तापल्यावरच बिघडतं असं परतीच्या वाटेत काय आहे, ते शोधा. ब्रीदरही (इंजिनच्या आतला दाब बाहेर सोडणारी नळी) बघा: क्रँककेसमध्ये दाब साचला तर परत येणाऱ्या ऑइललाच तो ढकलतो. एअर फिल्टर तुंबलेला असेल तर कॉम्प्रेसरच्या (हवा कोंबणाऱ्या चाकाच्या) बाजूने ऑइल ओढलं जातं, पण मग कॉम्प्रेसरपुढची नळी आतून ओली दिसते.

पक्कं करायचं असेल तर: टर्बोकडून सायलेन्सरकडे जाणारा पाइप काढा, टर्बाइनचं तोंड पुसून कोरडं करा. परतीचा पाइप टर्बोकडून सोडवून खाली बरणी धरा. गाडी मोकळ्या जागी आयडलला जास्तीत जास्त अर्धा मिनिट चालवा. सांडलेलं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडू देऊ नका, पेटेल. तोंड कोरडं राहिलं तर टर्बो निर्दोष. नंतर बरणीतलं ऑइल मोजून तेवढंच ताजं भरा. हो, सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं ऑइल दुरुस्तीनंतरही बराच वेळ जळत राहतं. ते पाहून परत टर्बो उतरवू नका.

अर्धापाना
परतीचा पाइप मूळचाच आहे का?

गंजकाम
नाही, तो गंजला होता. रबरी होज टाकलाय, पेट्रोलचा. क्लॅम्प लावलेत, एक थेंबही गळत नाही.

आटेबहाद्दर
सापडलं बहुतेक. ती बाजू पंपाच्या ओढीची आहे, तिथे दाब नसतो. गरम ऑइलने पेट्रोलचा होज आतून फुगतो, मऊ पडतो आणि ओढीने चपटा होतो. गार असताना कडक असतो, म्हणून सकाळी ठीक. गळत नाही याचा काही उपयोग नाही: ओढीच्या बाजूला क्लॅम्प सैल असला तर ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते आणि पंप हवाच ओढत बसतो.

शक्यतो धातूचा पाइप वाकवून घ्या. होजच हवा असेल तर गरम ऑइलसाठीचा, आत तारेची स्प्रिंग असलेला, आतलं भोक मूळ पाइपापेक्षा लहान नको, वळणाला मुरड नको. सांध्यात सिलिकॉन लावू नका, त्याचा तुकडा सुटून आत अडकतो. बसवल्यावर कॉइलचे आणि पेट्रोल पंपाचे कनेक्टर काढा, प्लग काढा आणि ५-५ सेकंद स्टार्टर मारा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच स्टार्ट.

चकतीवायसर
तरी झडप साफ करून घ्याच.

गंजकाम
होज आत्ता काढला. मधोमध चपटा झालाय. आतलं भोक किती मिलिमीटर हवं?

आटेबहाद्दर
मूळ गंजलेला पाइप फेकला नसाल तर त्याचं टोक मोजा. फेकला असेल तर टर्बोच्या खालच्या फ्लँजचं भोक मोजा, त्याहून कमी नको.