अभियंता संघटना: नवे सदस्य येतात, पण दुसऱ्या वर्षी वर्गणी भरत नाहीत

गर्डर (धागाकर्ता)

मंडळी, जिल्ह्याच्या ठिकाणच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संघटनेचं सचिवपद यंदा माझ्याकडे आलंय. संस्था नोंदणी कायदा १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० अशी दोन्हीकडे नोंदणी आहे. स्वतःचा हॉल आहे, बँकेत थोडी ठेव आहे. वर्गणी वर्षाला १,००० रुपये, आजीव सदस्यत्व ५,००० रुपये.

रजिस्टरवर अडीचशेच्या आसपास नावं. दरवर्षी ४०-५० नवे येतात, बहुतेक १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनाच्या सुमारास. मार्च उलटला की त्यातले निम्म्याहून जास्त गळतात. एकूण नूतनीकरण ८० टक्क्यांच्या घरात दिसतं, त्यामुळे कार्यकारिणीत कुणी मनावर घेत नाही.

सध्या टेबलावर तीन सूचना आहेत. वर्गणी ५०० करायची, आजीव सदस्यत्वाची मोहीम काढायची, किंवा दोन कॉलेजांतून विद्यार्थी सदस्य घ्यायचे. शिवाय सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि जिल्हा परिषदेतले इंजिनिअर बदली झाली की सुटतात ते सुटतातच. आधी कशाला हात घालावा? अनुभवी लोकांनी कृपया नेमकं सांगा. ‘चांगले कार्यक्रम घ्या’ एवढं आमच्या अध्यक्षांनीही सांगितलंय.

ओळंबा

सचिवसाहेब, तो ८० टक्क्यांचा आकडाच फसवा आहे. समजा वर्षारंभी २०० जुने आणि ५० नवे. पुढच्या वर्षी जुन्यांतल्या १८० आणि नव्यांतल्या २० जणांनी पैसे भरले, तर २५० पैकी २०० म्हणजे ८० टक्के. पण जुन्यांचं प्रमाण ९० आहे आणि नव्यांचं ४०. गळती एकाच सांध्यात आहे आणि तुम्ही सगळ्या स्लॅबला वॉटरप्रूफिंग करायला निघालात. वर्गणी ५०० केली तर बिनबोभाट १,००० भरणाऱ्या १८० जणांमागे ९०,००० रुपये दरवर्षी सोडाल. आणि जो हॉलवर एकदाच येऊन गेला, तो ५०० ही भरणार नाही.

पहिलं काम एक्सेलचं. सदस्य क्रमांक, प्रवेशाची तारीख, सूचक कोण, कामाचं स्वरूप (कन्सल्टंट, ठेकेदार, सरकारी, साइट इंजिनिअर, प्राध्यापक), वर्गणी शेवटची कधी भरली, कार्यक्रमाला शेवटचे कधी आले, स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ईमेल. आजीव सदस्य वेगळ्या शीटवर काढा. ते कधी नूतनीकरण करतच नाहीत, तरी टक्केवारीत बसून ती फुगवतात. ‘स्वतःचा’ असं मुद्दाम म्हणतोय. कंपनीने वर्गणी भरलेला माणूस नोकरी बदलतो, कंपनीचा ईमेल बंद पडतो आणि सदस्य हरवतो.

दुसरं, सप्टेंबरात आलेल्याला मार्चमध्ये पुन्हा पूर्ण १,००० मागू नका. सहा महिन्यांत दोनदा वर्गणी मागितली की माणूस तुटतो. ऑक्टोबरनंतर येणाऱ्याची पहिली वर्गणी पुढच्या आर्थिक वर्षाच्या मार्चअखेरपर्यंत धरायची, किंवा प्रवेशाच्या तारखेपासून बारा महिने मोजायचे. बारा महिने मोजले तर खजिनदाराला दर महिन्याला काम लागतं, म्हणून मी पहिला पर्याय घेईन. ऑगस्ट-सप्टेंबरात येणाऱ्यांना अर्ध्या वर्षाची वर्गणी ठेवा.

तिसरं, पहिले ९० दिवस. फॉर्मवर सूचक-अनुमोदक असतात, पण सहीपुरतेच. त्यातल्या सूचकाला काम द्या. पहिल्या तीन कार्यक्रमांना नव्या माणसाला सोबत आणायचं आणि चार जणांशी ओळख करून द्यायची. पावती व ओळखपत्र आठवड्यात हातात, आणि नाव फॉर्मवर आहे तसंच. आडनाव चुकलेलं ओळखपत्र गेलं की पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. तीन महिन्यांच्या आत त्याच्यावर एखादं छोटं काम सोपवा. व्याख्यानाचं दोन पानी टिपण, साइट भेटीची यादी, प्रोजेक्टरची जोडणी, काहीही. काम असलेला माणूस येतो. नुसतं निमंत्रण असलेला ‘बघतो’ म्हणतो.

नूतनीकरणाच्या आठवणी अशा लावा: १५ फेब्रुवारीला ईमेल, १५ मार्चला व्हॉट्सॲप, ३१ मार्चला एसएमएस, एप्रिलअखेर पुन्हा एकदा, आणि मेअखेर सूचकाचा फोन. हॉलच्या क्लार्कने फोन केला तर ते उधारीच्या वसुलीसारखं वाटतं. फोनवर तीनच प्रश्न: मेसेज मिळाला होता का, पैसे भरताना काही अडलं का, वर्षभरात काय हवं होतं जे मिळालं नाही. उत्तरं त्याच एक्सेलमध्ये.

व्हॉट्सॲप ब्रॉडकास्टवर भिस्त ठेवत असाल तर एक लक्षात घ्या. एका यादीत २५६ च नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज पोचतो. नव्यांनी तो सेव्ह केलेलाच नसतो. सगळ्यात कमी मेसेज त्यांनाच जातात.

खडीक्रशर

१,००० रुपयांत आज दोन-तीन पोतीच सिमेंट येतं. महाग आहे म्हणून कुणी सोडत नाही, विसरला म्हणून सोडतो आणि नंतर संकोचाने फिरकत नाही. मागची थकबाकी मागू नका. ‘चालू वर्षापासून पुढे’ म्हणा, बरेच जण परत येतील.

ठेवपावती

आजीव सदस्यत्वाच्या मोहिमेआधी गणित करा. ५,००० रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला व्याज ३५०. क्लार्कचा पगार, वीज, संघटनेचा अंक, टपाल, चहापान मिळून एका सदस्यामागे समजा ६०० रुपये खर्च होतो. म्हणजे प्रत्येक आजीव सदस्यामागे वर्षाला २५० ची तूट. असे १०० जण केलेत तर २५,००० ची तूट कायमची मांडून ठेवलीत. वर खर्च दरवर्षी वाढणार. महागाई ५ टक्के धरली तर ७ टक्के व्याजातून खरे २ टक्केच उरतात, आणि २५ वर्षं ६०० रुपयांची सेवा द्यायला आज साधारण ११,७०० रुपये बाजूला काढावे लागतात. १२,००० च्या खाली आजीव शुल्क ठेवू नये. मी तर वार्षिकच्या १५ पट म्हणेन. आणि हा पैसा कायम निधीत, म्हणजे मुद्दल न मोडता फक्त व्याज वापरायचं. हॉलच्या रंगकामाला तो वापरणाऱ्या कार्यकारिण्या पुढच्या लोकांच्या गळ्यात धोंडा बांधून जातात.

आजीव मंडळींची यादी दर तीन वर्षांनी पडताळा, पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यासारखी. दिवंगतांची नावं यादीत राहिली की गणसंख्या कधीच भरत नाही आणि प्रत्येक सर्वसाधारण सभा अर्ध्या तासाने ‘तहकूब सभा’ म्हणून घ्यावी लागते.

पैसे भरण्याचं सांगतो. हॉलच्या भिंतीवरच्या एकाच क्यूआरवर सगळे भरतात, मुलाच्या किंवा बायकोच्या खात्यावरून भरतात, आणि खजिनदाराला स्टेटमेंटवरून नाव कळत नाही. भरलेल्याला ‘तुमची वर्गणी बाकी’ असा मेसेज गेला की संपलंच. प्रत्येकाला सदस्य क्रमांकाशी जोडलेली वेगळी पेमेंट लिंक द्या. जमलं तर यूपीआय ऑटोपे (ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप कपात) घ्या. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा कपातीला दरवेळी पिन लागत नाही, पण २४ तास आधी सूचना जाते, त्यामुळे फसवल्याची भावना राहत नाही. ऑनलाइन पैसे घेण्याच्या सेवेचा (गेटवे) खर्च वर्गणीतच धरा.

वर्गणी, अंकातल्या जाहिराती, प्रदर्शनाचे स्टॉल, हॉलचं भाडं मिळून उलाढाल २० लाखांच्या जवळ जात असेल तर मोहीम काढण्याआधी सीएला जीएसटीबद्दल विचारा. प्रदर्शनाच्या वर्षात ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

रिंग१३५

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक मूळ अडचण राहिली. आर्किटेक्टला १९७२ चा कायदा आहे, कौन्सिलची नोंदणी नसेल तर ती पदवी लावता येत नाही. सिव्हिल इंजिनिअरला असं देशभराचं बंधन नाही. तुमचं सदस्यत्व सोडून कुणाची रोजीरोटी जात नाही. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ च्या शिक्क्यासाठी लोक कोलकात्याच्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सचं सदस्यत्व टिकवतात. तो शिक्का तुम्ही देऊ शकत नाही, त्यामुळे त्यांच्याशी स्पर्धाही नको. त्यांचा अर्ज भरायला मदत करा, हेही सदस्याच्या उपयोगाचंच आहे.

कार्यक्रम गटानुसार वेगळे हवेत. बांधकाम परवान्याचं काम करणाऱ्यांना युडीसीपीआरमधल्या (राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली) ताज्या दुरुस्त्या, ऑनलाइन प्रणालीत प्रस्ताव कुठे अडकतात आणि महारेराच्या फॉर्म २ वर (इंजिनिअरने द्यायचं प्रमाणपत्र) सही करताना जबाबदारी कुठवर येते हे हवं असतं. नगररचनाच्या सहायक संचालकांना बोलवा, पण प्रश्न आठवडाभर आधी लेखी गोळा करा. आयत्या वेळी विचारले की ज्याची त्याची फाइल निघते आणि बाकीचे उठून जातात.

साइट इंजिनिअरला याचा शून्य उपयोग. त्याला रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ, चालू साइटवर, एकच विषय. उदाहरणार्थ आयएस १३९२० (भूकंपाला टिकणाऱ्या आरसीसीचं भारतीय मानक) प्रमाणे रिंगचा, म्हणजे कॉलमच्या उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या कड्याचा, हूक १३५ अंशांत वळवायचा आणि पुढची शेपटी रिंगच्या सळीच्या व्यासाच्या ६ पट, पण ६५ मिमीपेक्षा कमी नाही. ८ मिमीच्या रिंगला ६ पटीने ४८ येतात, म्हणून ६५ च घ्यायचे. १० ला ६० येतात, तिथेही ६५. १२ ला मात्र ७२. फिटर ९० अंशांत वाकवून मोकळा होतो, कारण कॉलमच्या सळ्यांच्या गर्दीत १३५ घालायला वेळ लागतो. एक फिटर, एक बार बेंडिंगचा पाट, दहा रिंगा, आणि पोरांच्या हातात टेप. पोरं असल्या दीड तासाला पुन्हा येतात. ताजमहालाच्या पायाबद्दलच्या व्याख्यानाला येत नाहीत.

सिमेंट आणि स्टील कंपन्यांचं प्रायोजकत्व घ्या, पण वक्ता तुमचा. कंपनीचा माणूस बोलायला उभा राहिला की जेवणापुरती गर्दी होते आणि पुढच्या वेळी तीही होत नाही. रात्री साडेनऊला जेवण आणि त्याआधी तीन सत्कार, असा बेत असेल तर महिला इंजिनिअर येत नाहीत म्हणून तक्रार करू नका.

विद्यार्थी सदस्य घ्या, पण संख्येवर खूश होऊ नका. ते प्रमाणपत्रासाठी येतात. शेवटच्या वर्षाच्या मे महिन्यातच त्यांना स्वतःच्या ईमेलसह मुख्य यादीत हलवा, पहिलं वर्ष मोफत, दुसरं निम्म्यात. आयईईई ही इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाही विद्यार्थी सदस्याला पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी निम्मी सवलत देते. निकाल लागल्यावर शोधायला गेलात तर पोरगं पुण्याला पोचलेलं असतं.

बदलीवाल्यांसाठी ‘बाहेरगावी’ अशी वर्गवारी करा. वर्षाला २०० रुपये, अंक ईमेलवर, मत नाही, परत आल्यावर प्रवेश शुल्क नाही.

गर्डर

सर्वांचे आभार. ऑक्टोबरनंतरची वर्गणी पुढे धरायचा ठराव या महिन्यातच मांडतो. एक विचारायचं राहिलं. निवडणुकीच्या वर्षी सदस्यसंख्या एकदम वाढते, पॅनलवाले एकगठ्ठा फॉर्म आणि रोकड घेऊन येतात. पुढच्या वर्षी त्यातलं कुणी दिसत नाही. तुमच्या पहिल्या वर्षाच्या टक्केवारीत हे कसं धरायचं?

ओळंबा

एक्सेलमध्ये ‘पैसे कुणाच्या खात्यावरून आले’ हा रकाना घाला आणि एकगठ्ठा आलेले वेगळे मोजा. ते सदस्य नव्हेतच, मतदार आहेत. त्यांच्या गळतीवरून कार्यक्रमांची किंमत करू नका.

उपाय नियमावलीत आहे. मतदानाचा हक्क सलग दोन वर्षं वर्गणी भरलेल्यालाच, आणि मतदार यादीसाठी वर्गणीची शेवटची तारीख निवडणुकीच्या किमान सहा महिने आधी. रोख वर्गणी बंद, पैसे स्वतःच्या किंवा घरच्यांच्या खात्यावरून. तुमच्या नियमावलीत दुरुस्तीसाठी जे बहुमत आणि नोटिशीचे जितके दिवस सांगितलेत ते तंतोतंत पाळा, नोटिशीत दुरुस्तीचा मजकूर शब्दशः छापा. नव्या कार्यकारिणीचा बदल अर्ज (चेंज रिपोर्ट) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात गेलाच पाहिजे. पुष्कळ संघटनांचे अर्ज वर्षानुवर्षं पडून असतात आणि हरलेलं पॅनल नेमकं तेच उकरून काढतं. दुरुस्ती या निवडणुकीला लावू नका, पुढच्या निवडणुकीपासून लागू करा, म्हणजे सध्याच्या दोन्ही पॅनलना तिला हात वर करायला अडचण येणार नाही.