हायस्कूलच्या पोरांना बातमी शिकवताना: तुमचे अनुभव लिहा

६ जानेवारीला पत्रकार दिन, १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केलं म्हणून. शाळेत फोटोला हार, दोन भाषणं, चहा, झालं. पण आपल्याकडं खेड्यापाड्यात आठवी-नववीच्या पोरांकडून खरंच बातम्या लिहून घेणारे शिक्षक, पत्रकार आहेत, त्यांनी इथं लिहा, सविस्तर लिहा.

मराठीची शिक्षिका, यवतमाळ जिल्हा
पोरं आधी निबंधच लिहितात हो. पाणीटंचाईवर लिहा म्हटलं की "पाणी म्हणजे जीवन" पासून सुरुवात. मी ते खोडते आणि विचारते, टँकर किती वाजता आला, तू पाह्यलं का? नववीतली एक पोरगी आईसोबत रोजच रांगेत असते, त्या दिवशी वही घेऊन उभी राह्यली. लिहून आणलं: "टँकर सकाळी येतो असे सांगतात. मंगळवारी दुपारी दोनला आला. वरच्या मोहल्ल्यातले हंडे-गुंड भरले. खाली पाइप आणला तेव्हा पाणी संपले होते." एकही विशेषण नाही! मग मैत्रिणीला घेऊन ग्रामसेवकाकडं गेली, त्यांचंही म्हणणं घेतलं. मला तर फार अभिमान वाटला.

तालुका वार्ताहर, चंद्रपूर
ताडोबा व्याघ्रप्रकल्पाच्या बफरमधल्या, म्हणजे जंगलाभोवतालच्या पट्ट्यातल्या शाळेत जातो मी. व्हॉट्सअ‍ॅपवर वाघाचा फोटो फिरत होता, "आपल्या गावाजवळ" म्हणून. वर्गात दाखवला तर मागून एक पोट्टा म्हणे, सर हे झाड आपल्या रानातलं नाही, आपल्याकडं साग, मोह, तेंदू, हे कोणतं हाय? अगदी बरोबर पकडलं त्यानं, मागं देवदारासारखी झाडं होती. वनरक्षकांना फोन लावला, त्यांनीही फोटो इथला नाही म्हणून सांगितलं. पण बातमीत "वाघ नाही" असं लिहू दिलं नाही मी, कारण वाघ आहेतच इथं, लोकं बेसावध राह्यले तर? "हा फोटो इथला नाही" एवढंच लिहिलं.

वर्धा जिल्हा, विज्ञान शिकवतो
कापसाच्या बातमीत "व्यापारी लुटतात" असं एकानं लिहिलं. म्हटलं व्यापाऱ्याला विचारलं का? गेला बिचारा. व्यापारी म्हणे कापूस ओला हाय. मग वर्गात हिशोब काढला, २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं ८,११० रुपये, सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, त्यावर १२ टक्क्यांपर्यंत कपात. आता पोरगा विचारतो, ओलावा मोजला कोणी आणि बापाला आकडा दाखवला का? ही खरी बातमी.

अमरावती जिल्हा
आमच्याकडं एक नियम पक्का. गावात शेतकऱ्यानं जीव दिला तर पोरं त्या घरी जात नाहीत, कसा दिला ते लिहीत नाहीत. त्या घरचं लेकरू आपल्याच वर्गात बसतं. कर्ज, पीकविमा यावर लिहा, भरपूर लिहा.

बुलडाणा जिल्हा
शाळेनं आमचं भित्तिपत्रक उतरवलं, "राजकारण नको" म्हणून. वाईट वाटलं, पोरं रडली. आता गावच्या वाचनालयात लावतो, तिथं म्हातारी माणसंही उभी राहून वाचतात आणि "माह्या नावापुढचं चुकलं" म्हणून सांगतात, पुढच्या अंकात दुरुस्ती छापतो. पुढचा अंक रानडुकरांनी खाल्लेल्या सोयाबीनवर, पंचनाम्यासाठी अर्ज कुठं द्यायचा ते पोरं विचारून आणताहेत.